कापूस आणि राळ

नारळी पौर्णिमेला नऊ दिवस होते
तेव्हा कायतान आला. पायऱ्या चढला नाही.
खालूनच म्हणाला, इनास, होडी गळता.
रुजायनं चुलीपुढून माझ्याकडे पाहिलं,
मग पुन्हा सुकटीकडे.

वेंगुर्ल्यात दुसरं कोणी नाही असं नाही.
मांडवीच्या पुलाखाली दोघे आहेत, स्वस्तही आहेत.
पण बुडाची फट ओळखायला कान लागतो,
आणि तो कान बाबांनी आम्हा दोघांनाच दिला:
मला, आणि बस्त्यावला.

बस्त्याव गेला तो याच्याच होडीतून.
सुकाणू याच्या हातात, पोटात काजूची,
वारा उलटा, आणि सगळे नको म्हणत असताना.
हा पोहत आला.

मी हो म्हटलं. का, ते विचारू नका.
आतून देव बोलला वगैरे काही नाही.
"उद्या उपडी करून ठेव,"
एवढंच तोंडातून आलं.

रविवारी इगर्जीत सगळ्यांबरोबर मीही प्रार्थना म्हणतो.
दोन वर्षं झाली, क्षमेच्या ओळीशी माझा आवाज खाली जातो,
ओहोटीला खडक उघडा पडावा तसा तो शब्द समोर येतो
आणि मी वळसा घालून
थेट आमेनला लोकांना गाठतो.

मे महिन्यातल्या शिबिरात माणसं हात वर करून रडली.
फिलूमावशी तर भोवळ येऊन पडली. ते खोटं नव्हतं,
त्यानंतर तिनं सुनेशी बोलणं सुरू केलं.
मीही हात वर केले.
खांदा दुखला.

फादर, आत सगळं कोरडं आहे, म्हणालो.
ते बराच वेळ गप्प.
मग विचारलं, होडी किती हातांची?

छिणी, लाकडी हातोडा, तेलात भिजवलेला कापूस, राळ.
कापूस वळायचा, फटीत बसवायचा, ठोकायचा.
ठोक्याचा आवाज भरला की फट भरली.
तिसऱ्या दिवशी कण्याजवळ
एक सापडली, अंगठ्याएवढी.
वरून नुसती राळ फासली असती तर कुणाला कळलं नसतं.
भर समुद्रात तिनं सावकाश तोंड उघडलं असतं
आणि मी इथे पेज जेवत बसलो असतो.

हे नुसतं मनात येऊन गेलं असं नाही.
मी कापूस खाली ठेवला. विडी ओढली. दुसरी ओढली.
क्रूसाची खूण करायला हात उचलला, तो राळेनं चिकट,
म्हणून कपाळापर्यंत न नेता
तसाच कापसाकडे नेला.

जास्त ठासला तर फळी फाटते, बाबा सांगायचे,
आणि रागावलेला माणूस नेहमी जास्तच ठासतो.
म्हणून हळू ठोकलं. तोंडात शिव्या होत्या,
बस्त्यावचं नाव होतं, ठोके मात्र हळू,
तापल्या पोराला थोपटावं तसे.
याला प्रार्थना म्हणायचं का, मला माहीत नाही.
रुजायला सांगितलं तर म्हणाली,
मनात नाय तर नाय, हातात असांदे.
आणि त्या दिवशी सुकटीत कोकम घालायला विसरली.

पैसे पूर्ण घेतले. दोनशे जास्तच.
कायताननं हात पुढे केला, तो मला दिसला नाही
असं मी दाखवलं.

पौर्णिमेला गाबितांनी नारळ सोडले,
आमच्या बायकांनी धक्क्यावर मेणबत्त्या लावल्या, त्या वाऱ्यानं विझल्या.
होड्या सुटल्या. पहिल्या रात्री मला झोप नाही.
बॅटरी घेऊन बाहेर पडलो.
रुजायला म्हटलं, आपलं काम आहे, बघायला नको?
ती जागीच होती.

साडेतीनला तिचा दिवा खाडीच्या तोंडाशी आला.
माणसं मोजली. पाच गेली होती.
चार. पुन्हा मोजली.
पाचवा सुकाणूशी वाकलेला होता.
माझे गुडघे का लटपटले, तेही विचारू नका.

ते मासळी उतरवत होते तेव्हा मी आत उतरलो,
फळी उचलली, तळाला हात लावला.
कोरडा.

दोन वर्षं हाच शब्द
मी फादरना सांगत आलो होतो,
तक्रार म्हणून.